पाँपेई येथील रस्त्याकडील चित्रें व भिंतींवरील लेख

पाँपेई नगर इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस पर्वताच्या उद्रेकांत राखेखालीं गडप झालें आणि १७४८ पासून तें उकरून काढण्याचें काम थांबत थांबत चालू आहे, हें वाचकांस विदितच आहे. एवढ्याशा नगरावर जितके ग्रंथ झाले तितके मोठमोठ्या राजधान्यांवरहि क्वचितच झाले असतील. ते वाचून जो मनुष्य तेथें प्रथम जातो तो घरांच्या आंतील चित्रें मनांत घेऊन जातो : तांबड्या भिंती, त्यांवर रंगविलेले पुराणकथांतील प्रसंग, खोटे खांब व खोट्या खिडक्या. आम्हीहि तींच मनांत घेऊन गेलों होतों. परंतु व्हिया देल्लाब्बोंदांत्सा, म्हणजे समृद्धीचा रस्ता (हें नांव अर्वाचीन आहे), या हमरस्त्यानें पूर्वेकडे चालूं लागल्यावर एकाहि घराचा उंबरा ओलांडण्याच्या आधींच रस्त्यावरील भिंतींनीं आम्हांस थांबविलें. दुकानाच्या दारावर देवांचे मुखवटे, दाराच्या बाजूस धंद्याचें चित्र, चवाठ्यावर बारा देवांची ओळ व त्यांस नैवेद्य दाखविणारे लोक, आणि या सर्वांच्या मधून, वरून, कित्येकदां अंगावरूनच, तांबड्या-काळ्या अक्षरांत लिहिलेल्या निवडणुकीच्या घोषणा. अपरिचित गांवांत रस्ता शोधीत असतां त्या गांवानें आपण होऊन बोलूं लागावें, तसा हा प्रकार होता. आमच्या वाचनांत याची पूर्वसूचना इतकी थोडी कां होती, या प्रश्नांतून हें परीक्षण लिहावयास घेतलें आहे.

आमचें म्हणणें असें कीं, ही रस्त्याकडील कला पंडितांनीं आंतील कलेच्या मापानें मोजली, म्हणून ती हलकी ठरली. आणि पुढें तिचे दोन तुकडे करून चित्रें एका ग्रंथांत व लेख दुसऱ्या ग्रंथांत ठेविले, म्हणून ती मुकी झाली. उदाहरणादाखल एक भिंत घेऊं.

या हमरस्त्याच्या उत्तर अंगास वेरेकुंदुस नामक कारागिराचें दुकान आहे. नवव्या विभागांतील सातव्या पेठेंत पांचपासून सातपर्यंतच्या दारांचा हा भाग. दाराच्या डाव्या हातास वरच्या भागांत नगराची अधिदेवता व्हीनस चार हत्तींच्या रथांत उभी आहे. रथाचा आकार नावेसारखा. देवीच्या मस्तकीं मुकुट, हातांत राजदंड व सुकाणूं. एका बाजूस गोलावर उभी असलेली भाग्यदेवता, दुसऱ्या बाजूस हातांत धान्यफळांचें शिंग घेतलेला रक्षक पुरुष. हत्ती पुढें तोंड करून, दोन इकडे व दोन तिकडे, असे मांडलेले आहेत. या देवीच्या पायांखालीं, अगदीं लहान आकारांत, कारखाना चालू आहे : कोणी सखल बांकांवर बसून लोकर विंचरीत आहेत, मध्यें भट्टीपाशीं उघडे गडी लोकर दाबून तिचें जाड कापड, म्हणजे आपल्याकडील नमदा किंवा बुरणूस, तयार करीत आहेत, आणि उजव्या टोंकास तयार माल दोन्ही हातांनीं पसरून दाखवीत एक मनुष्य उभा आहे. त्याच्याजवळ त्याचें नांव लिहिलें आहे : वेरेकुंदुस. दाराच्या दुसऱ्या अंगास व्यापाराचा देव मर्क्युरी देवळांतून बाहेर पडत आहे व त्याच्या खालीं दुकानांत माल विकला जात आहे.

आतां या चित्राविषयीं जे अभिप्राय वाचावयास मिळतात त्यांचा सूर बहुधा असा असतो : हत्ती ताठर आहेत, माणसें बुटकीं आहेत, हात सामान्य कारागिराचा आहे, विषय मात्र मनोरंजक आहे. हें सर्व खरें मानलें तरी यांत चित्राचें परीक्षण कोठें झालें? हत्ती ताठर दिसतात खरे. परंतु तें चित्र आसनावर बसून निवांत पाहावयाचें नाहीं. समोरून बैलगाडी चालली आहे, पदपथावर गर्दी आहे आणि पाहणारा डोक्यावर ओझें घेऊन जात आहे, अशा वेळीं एका दृष्टिक्षेपांत देवी, तिचें वाहन आणि खालील माल यांचा संबंध त्याच्या ध्यानांत आला पाहिजे. समोरासमोरची मांडणी, मोठी देवता व लहान माणसें, ही रचना त्या कामासाठीं अगदीं बरोबर बसते. आमच्या मतें चित्रकारानें काय सोडावें याचा विचार फार चांगला केला आहे. मागें निसर्गदृश्य नाहीं, छायाप्रकाशाचा खेळ नाहीं. धन्याचा चेहरा मात्र आहे व त्याचें नांवहि आहे.

याच दुकानाच्या भिंतीवर वेत्तियुस फिर्मुस नांवाच्या उमेदवारास ईडाइल, म्हणजे बाजार व रस्ते पाहणारा अधिकारी, निवडावें अशी घोषणा लिहिलेली आहे, आणि ती नमदा करणाऱ्या मंडळींच्या नांवानें आहे. या लेखामुळें चित्रांतील धंद्याची ओळख पक्की झाली. आणि चित्रामुळें या लेखांतील दुर्मिळ धंदेवाचक शब्दाचा अर्थ डोळ्यांपुढें उभा राहिला. लेख व चित्र हीं अशीं एकमेकांचीं टीका आहेत. मूळ एका पोथींत व टीका दुसऱ्या गांवीं, अशी स्थिति झाली तर काय होतें, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. पण पाँपेईच्या रस्त्यांचें नेमकें हेंच झालें आहे.

चित्रांच्या बाजूनें पाहूं. औगुस्त माउ यानें १८८२ मध्यें पाँपेईच्या भित्तिचित्रांचा इतिहास प्रसिद्ध करून त्यांच्या चार शैली ठरविल्या. ही वर्गवारी इतकी उपयुक्त ठरली कीं ती अद्यापि प्रत्येक ग्रंथांत आहे. परंतु ती खोलीच्या आंतील भिंत कशी विभागली जाते यावर उभारलेली आहे. दुकानाच्या बाहेरील चौकटीवर रंगविलेला मर्क्युरी तींत कोठेंच बसत नाहीं. जें वर्गांत बसत नाहीं तें हळूहळू विद्यार्थ्याच्या दृष्टीआड होतें. मग त्यास ‘लोककला’ असें नांव देऊन एक वेगळें, छोटेंसें प्रकरण लिहितात. विशेष असें कीं, हाच माउ भिंतींवरील लेखांचाहि मोठा जाणकार होता. लॅटिन कोरीव लेखांच्या बृहत्संग्रहाचा चौथा खंड, जो कार्ल त्सांगेमाइस्टर यानें १८७१ मध्यें काढला, त्याची १९०९ ची पुरवणी माउच्या हातची आहे. एकाच मनुष्यानें भिंतीवरचा रंगहि पाहिला आणि भिंतीवरचें अक्षरहि वाचलें. परंतु दोहोंची सांगड त्यानें एका ठिकाणीं घातली नाहीं. त्याच्यासारख्या डोळस माणसाकडून ती घातली जावयास हवी होती. पुढें १९९१ मध्यें थोमास फ्र्योलिख यानें व्हेसुव्हियसच्या परिसरांतील देवघरांतील व घरांच्या दर्शनी भागांवरील चित्रांची यादी सिद्ध केली. एका शतकाहून अधिक काळ रखडलेलें हें काम त्यानें फार निष्ठेनें केलें आहे, व आज या विषयाचा अभ्यास करणारास त्यावांचून पाऊल टाकतां येत नाहीं. तथापि एका भिंतीचें पुरें दर्शन हवें असेल तर अद्यापि फ्र्योलिखचा ग्रंथ एका हातीं व बृहत्संग्रहाचा चौथा खंड दुसऱ्या हातीं धरून बसावें लागतें.

लेखांच्या बाजूनेंहि तशीच गोष्ट. पाँपेईंत निवडणुकीच्या घोषणाच अडीच हजारांहून अधिक सांपडल्या आहेत. त्या लिहिण्याचा एक व्यवसायच होता. आधीं एकानें भिंतीस चुना द्यावयाचा, मग दुसऱ्यानें कुंचल्यानें अक्षर काढावयाचें. रात्रीचें काम असेल तर कोणी दिवा धरी, कोणी शिडी सांभाळी. कंदीलवाल्यास शिडी नीट धरण्याविषयीं दिलेली ताकीद एका ठिकाणीं भिंतीवरच राहून गेली आहे. एमिलियुस केलेर नांवाचा लेखक तर आपण हें एकट्यानें चांदण्यांत लिहिलें असें नोंदवितो; आणि दुसऱ्या एका घोषणेखालीं, जो मत्सरानें हें पुसून टाकील तो आजारी पडो, असा शापहि लिहून ठेवितो. आपल्या पोथ्यांच्या शेवटीं लेखक लोक तेलापाण्यापासून पोथी राखावी म्हणून जी विनवणी करतात ती ज्यांनीं शेंकडों वेळां वाचली आहे, त्यांस या केलेरचा स्वभाव ओळखीचा वाटेल. शिलाहारांच्या गधेगाळींवरील शापहि आठवावेत. मात्र शिलाहारांचा शाप दगडांत कोरलेला होता. केलेरचा शाप चुन्याच्या एका हातासरशीं नाहींसा होणारा. पुढल्या निवडणुकीस भिंत पुनः पांढरी होई. म्हणून या भिंती म्हणजे खरडून पुनःपुनः लिहिलेल्या चर्मपत्रासारख्या आहेत : वरचा चुना पडला कीं खालचीं नांवें दिसूं लागतात. त्यांतील कांहीं नांवें नगर बुडण्याच्या शंभराहून अधिक वर्षें आधींचीं आहेत. एके ठिकाणीं उमेदवाराची शिफारस करणाऱ्या स्त्रीच्या नांवावर तेवढाच चुना फिरविलेला आढळला. तो कोणी व कां फिरविला याविषयीं पंडितांनीं पुष्कळ रसाळ तर्क केले आहेत. आम्हांस त्या तर्कांपेक्षां चुन्याच्या पट्ट्याची रुंदी अधिक महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच छापील पाठांत येत नाहीं.

जागेकडे दुर्लक्ष झाल्यानें किती मोठा घोटाळा होतो याचें उदाहरण मात्तेओ देल्ला कोर्ते याचें आहे. या गृहस्थानें आयुष्य पाँपेईंत घालविलें, हजारों लेख वाचले, बृहत्संग्रहाच्या १९५२ नंतरच्या पुरवण्या त्याच्याच. त्याचे उपकार विसरतां येणार नाहींत. परंतु घराच्या दर्शनी भिंतीवर ज्याच्या नांवाची घोषणा, किंवा जो घोषणा करणारा, तो त्या घराचा धनी, अशा धोरणानें त्यानें घरोघरीं मालक बसविले. हेन्रिक मौरित्सेन यानें १९८८ मध्यें या पद्धतीची उलटतपासणी केली. घोषणा लिहिणारा भिंत कशासाठीं निवडतो? तिच्या समोरून लोक जातात म्हणून. गर्दीच्या रस्त्यावरील मोठी भिंत सर्वांच्याच उपयोगाची. तिच्या मागें कोण राहतो हा प्रश्न निराळा. सेर्रिनियुस वातिया नांवाच्या उमेदवाराच्या शिफारशी तर ‘सर्व झोंपाळू’, ‘रात्रीं उशीरापर्यंत पिणारे’ व ‘भुरटे चोर’ यांच्या नांवांनीं लिहिलेल्या आहेत. ज्या भिंतींवर त्या आहेत तेथें चोरांची वसति होती असें कोणी म्हणणार नाहीं. ही प्रतिपक्षाची, किंवा एखाद्या टवाळ मित्राची, थट्टा होय. देल्ला कोर्तेनें दिलेलीं घरांचीं नांवें मात्र अजून पाट्यांवर व मार्गदर्शक पुस्तकांतून वावरत आहेत.

भिंतीवरच्या क्षुद्र अक्षरास हस्तलिखित परंपरेपुढें किती वजन द्यावें, हा प्रश्न अलीकडे निराळ्याच निमित्तानें पुढें आला. उद्रेकाची तारीख २४ ऑगस्ट ही धाकट्या प्लिनीच्या पत्रांच्या एका प्रमुख हस्तलिखितांतील पाठावर आधारलेली आहे. इतर प्रतींत पाठभेद आहेत. २०१८ मध्यें एका घराच्या आंत, जेथें दुरुस्तीचें काम चालू होतें अशा भागांत, कोळशानें लिहिलेली एक ओळ सांपडली. तींतील तारीख आपल्या गणनेनें १७ ऑक्टोबर अशी येते. कोळशाचें अक्षर फार दिवस टिकत नाहीं, तेव्हां तें त्याच वर्षाचें असावें, आणि मग ऑगस्टची तारीख खोटी ठरते, असा एक पक्ष. ओळींत वर्ष दिलेलें नाहीं आणि कोळसा समजतों त्याहून अधिक टिकूं शकतो, असा दुसरा पक्ष. वाद मिटलेला नाहीं. आमचा कल अजून ठरत नाहीं; पण एका अडाणी कामकऱ्याची ओळ व मध्ययुगीन लेखकाची नक्कल या दोन साक्षी एकाच न्यायासनापुढें आल्या, ही गोष्ट पोथ्यांच्या संग्राहकांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे.

रस्त्याच्या कोपऱ्यांवर आणि गल्ल्यांत आणखी एक चित्र वारंवार दिसतें : मध्यें वेदी, तिच्या दोहों बाजूंस दोन मोठे सर्प. हे जागेचे राखणदार. शौचकूपाजवळील एका बोळांत असेच दोन सर्प, त्यांच्या मधोमध बसलेला एक मनुष्य व वर घाण करणारास दिलेली धमकी, असें चित्र मिळालें. तें आतां नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. मुंबई-पुण्याच्या जिन्यांच्या कोपऱ्यांत थुंकणारांस आवरण्यासाठीं देवांच्या फरशा बसवितात, तें ज्यानें पाहिलें आहे त्यास या सर्पांचा अर्थ समजण्यासाठीं टीपेची गरज नाहीं. देवाची मूर्ति पूजेसाठींच असते हा समज ग्रंथांवरून होतो; रस्ता पाहिला म्हणजे तो टिकत नाहीं.

पण वरील चित्र नेपल्सांत आहे, यांतच आमच्या तक्रारीचें मूळ आहे. बोर्बोन राजांच्या वेळेस उत्खननाचा हेतु राजाच्या संग्रहालयास शोभिवंत वस्तु मिळविणें हा होता. चांगलीं दिसणारीं चित्रें चौकोनी कापून नेलीं. जीं निवडीस उतरलीं नाहींत त्यांपैकीं कित्येक फोडून टाकलीं. कापलेलें चित्र सुरक्षित राहिलें हें खरें. पण तें कोणत्या रस्त्याकडे तोंड करून होतें, किती उंचीवर होतें, शेजारीं काय लिहिलें होतें, हें त्याबरोबर गेलें नाहीं. आपल्याकडे सचित्र पोथीचें एक पान सुटें करून, त्याला चौकट घालून, विकणारे व विकत घेणारे यांनीं याहून निराळें काय केलें आहे? मागील पानावरील मजकूर भिंतीकडे तोंड करून कायमचा बंद होतो. या त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं अशीं सुटीं पानें असतील त्यांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु पानाच्या पाठीचें छायाचित्र तरी त्यांनीं प्रसिद्ध करावें.

रस्त्याला रस्ता म्हणून उकरून काढणारा पहिला मनुष्य व्हित्तोरियो स्पिनात्सोला हा होय. १९१० ते १९२३ पर्यंत त्यानें व्हिया देल्लाब्बोंदांत्सावर काम केलें, आणि घरांच्या पोटांत न शिरतां मुख्यतः दर्शनी भिंतीच मोकळ्या केल्या. वरच्या मजल्यांचे सज्जे, छपऱ्या, त्यांखालील चित्रें व घोषणा जेथल्या तेथें ठेविल्या. वेरेकुंदुसचें दुकान त्यामुळेंच आम्हांस पाहावयास मिळालें. घरें अर्धवट टाकून नुसते मुखवटे काढले, अशी टीका त्याच्यावर झाली. तिच्यांत तथ्य आहे : मागची माती तशीच राहिल्यानें भिंतींवर भार आला, व पावसाचें पाणी मुरलें. तरीहि त्याची दृष्टि योग्य होती असें आम्ही म्हणतों. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं, १९५३ मध्यें, बाहेर आला. आणि मधल्या काळांत, १९४३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत, दोस्त राष्ट्रांच्या विमानांनीं पाँपेईवर दीडशेंहून अधिक बाँब टाकले होते. याच रस्त्यावरील ज्या इमारतीस ‘योद्ध्यांची शाळा’ म्हणतात, तिच्या प्रवेशद्वाराच्या दोहों बाजूंस जिंकलेल्या शस्त्रांचे ढीग रंगविलेले होते. ती त्या बाँबवर्षावांत मोडली, मागाहून सिमेंटचें जड छप्पर घालून उभी केली, आणि ६ नोव्हेंबर २०१० रोजीं पावसांत कोसळली. त्या चित्रांचें आज आपणांस जें ज्ञान आहे त्यांतील पुष्कळसें स्पिनात्सोलाच्या छायाचित्रांवरून व नकलांवरून आहे.

नव्या उत्खननांत ही शिस्त सुधारली आहे हें सांगितलें पाहिजे. पांचव्या विभागांत रस्त्याच्या कोपऱ्यावर खाणावळीचा एक ओटा २०२० मध्यें पुरता मोकळा झाला. त्याच्या दर्शनी अंगावर सागरअश्वावर बसलेली जलदेवता, उलटीं टांगलेलीं बदकें, कोंबडा आणि गळ्यांत पट्टा असलेला कुत्रा अशीं चित्रें आहेत. ओट्यांतील रांजणांत बदकाचीं, बकऱ्याचीं, डुकराचीं हाडें व मासे-गोगलगाईंचे अवशेष सांपडले. म्हणजे चित्रांतील बदक हें शोभेचें नसून विक्रीच्या पदार्थाचें होतें असें म्हणावयास आधार मिळाला. कुत्र्याच्या चौकटीवर कोणी टवाळानें एका माणसाच्या नांवें गलिच्छ शिवी खरडली आहे. चित्र, शिवी व हाडें हीं तिन्ही एकत्र प्रसिद्ध झालीं. पन्नास वर्षांपूर्वीं हीं तीन निरनिराळ्या तज्ज्ञांकडे गेलीं असतीं, आणि शिवी बहुधा कोठेंच गेली नसती.

जातां जातां एक गोष्ट सांगावीशी वाटते. याच हमरस्त्यावरील एका घरांत १९३८ मध्यें सुमारें वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. तिला लक्ष्मी म्हणण्याचा प्रघात पडला. तिच्या तळाशीं खरोष्ठी अक्षर आहे. तिच्याशीं मिळत्याजुळत्या मूर्ति आपल्या मराठवाड्यांत तेर व भोकरदन येथें मिळाल्या आहेत. म्हणजे वेरेकुंदुसच्या भिंतीवर कोणी रोमन कारागीर हत्ती रंगवीत असतां थोड्याच अंतरावर हिंदुस्थानांतील खऱ्या हस्तिदंताचें काम कोणाच्या तरी घरीं होतें. यावरून दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह टाळावा. हत्ती रोमन लोकांस खेळांतून व विजययात्रांतून ठाऊक होते.

आमच्याकडील वाड्यांतील चित्रें, उदाहरणार्थ मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा किंवा चांदवडचा रंगमहाल, यांवर थोडेंबहुत लिहिलें गेलें आहे. तीं बव्हंशीं आंतील चित्रें होत. बाहेरच्या भिंतींवर, येणाऱ्याजाणाऱ्यासाठीं, काय होतें याची नोंद फारशी कोणी केली नाहीं. गोव्यांत व कारवाराकडे देवळांच्या बाह्यभिंतींवर तांबड्या कावेच्या लेपांतून पांढरा चुना उघडा करून केलेलें कावी काम आहे. जीर्णोद्धाराच्या वेळीं त्यावर तैलरंगाचा पट्टा फिरतो आणि त्याचें वर्णन करणारी ओळहि देवस्थानाच्या वहींत राहत नाहीं. निवडणुकीच्या दिवसांत खेडोपाडीं चुना देऊन त्यावर गेरूनें वा निळीनें चिन्हें काढीत, ती रीत महाराष्ट्रांत १९९५ च्या मालमत्ता विरूपण प्रतिबंधक कायद्यानें आंखडली. तो कायदा योग्यच असेल. पण त्यापूर्वींच्या भिंतींचीं छायाचित्रें कोणाकडे आहेत? ज्यांच्याकडे असतील त्यांनीं चित्र मध्यभागीं घेऊन कडा कापूं नयेत. शेजारची जाहिरात, खालचा जुना चुना, दाराची उंची हीं सर्व त्यांत येऊं द्यावींत, आणि मागील बाजूस गांव, आळी व भिंतीची दिशा लिहावी.

पाँपेईचा सुमारें एक तृतीयांश भाग अद्यापि राखेखालीं आहे. तो उकरण्याची घाई करूं नये असें तेथील अधिकाऱ्यांचें धोरण आहे व आम्हांस तें मान्य आहे. मात्र जेव्हां हात लागेल तेव्हां एका दर्शनी भिंतीचें चित्र, लेख, चुन्याचे थर व समोरच्या फरसबंदीची झीज यांची एकच पत्रिका करावी, आणि बृहत्संग्रहाच्या पुढील पुरवणींत प्रत्येक लेखाशेजारीं त्या भिंतीचा रेखाकृति आराखडा छापावा.